कुळागरातील कोळेरोग

गेल्या श्रावणात आमच्या एका विद्यार्थ्याने ओंजळभर हिरव्या सुपाऱ्या वर्गात आणून मेजावर ठेवल्या. त्याच्या घरच्या कुळागरात अशा सुपाऱ्यांचा सडा पडला होता. वर्षाची मिळकत त्यातच. त्याने विचारले, "गुरुजी, ह्या पावसाने कुजल्या की रोगाने?"

वनस्पती मुळांनी पाणी व क्षार शोषून घेते आणि पानांतील हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. ह्या व्यापारात सतत बिघाड होऊ लागला की तिला रोग जडला असे आपण म्हणतो. नत्र कमी पडल्यास पाने पिवळी पडतात, परंतु तो विकार शेजारच्या झाडास लागत नाही. जो रोग झाडाझाडांवरून पसरत जातो, त्याच्यामागे बहुधा एखादा सूक्ष्म जीव असतो.

मेजावरील सुपाऱ्यांवर देठाकडील टोपीजवळ पाणी भरल्यासारखे गडद हिरवे डाग होते. ओल्या कागदात झाकून ठेवल्यावर त्यांवर पांढरी लव आली. हाच कोळेरोग, कन्नडमध्ये 'कोळे' म्हणजे कुजणे. म्हैसूर संस्थानच्या सेवेतील कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी ह्या रोगाचा कसून अभ्यास करून १९१० साली त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली.

रोगकारकाचे नाव फायटोप्थोरा, म्हणजे ग्रीक भाषेत 'वनस्पतिनाशक'. १८४५ पासून आयर्लंडातील बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा जीव ह्याचाच भाऊबंद. पूर्वीच्या पुस्तकांत ह्यास बुरशी म्हटलेले आढळेल. दिसतो तो तसाच. परंतु खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, ह्याच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज व तत्सम द्रव्ये असतात, म्हणून आता त्याची गणना निराळ्या वर्गात करतात. त्याच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात व ते पाण्यात चक्क पोहतात! पावसाचे थेंब आणि वारा त्यांना एका घडावरून दुसऱ्या घडावर नेतात. आपल्या जोयडा तालुक्यात दिवसेंदिवस झड लागते, तेव्हा त्यांना आणखी काय हवे? त्या मुलाला आम्ही सांगितले, "कुजविले रोगाने; पावसाने त्याला घरोघरी पोहोचविले."

उपाय पावसाआधीच योजावा लागतो, कारण बोर्डो मिश्रणाचा थर बीजाणूला सुपारीत शिरू देत नाही. आत शिरलेल्यास तो बाहेर काढू शकत नाही. एक किलो मोरचूद व एक किलो चुना पन्नास पन्नास लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून, मोरचुदाचे पाणी चुन्यात ढवळत ओततात. धातूचे भांडे घेऊ नये. पहिली फवारणी मृगाच्या सरी स्थिरावण्यापूर्वी, दुसरी सुमारे चाळीस दिवसांनी. झाडाखाली गळलेली फळे वेचून नष्ट करावीत. तीच पुढच्या लागणीचे मूळ. ह्या कामास मात्र उंच चढणारा गडी लागत नाही, मुलेही करू शकतात.

मिश्रण नीट झाले की नाही हे पाहण्यास स्वच्छ लोखंडी सुरी त्यात क्षणभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, तो आणखी घालावा.