आधी अंगावर मांस चढू द्या

उपाशी राहून पोटावरचे पॅक दिसतात, हे खरं आहे. मला दिसले होते. ते दिसेपर्यंत अंगाचं काय झालं, हे लिहून ठेवायलाच हवं, कारण आता सावेडीपासून नेवासा, शेवगाव, जामखेडपर्यंत नगर जिल्ह्यात ठिकठिकाणी जिम झाल्यात आणि तिथं येणारी पोरं नाव नोंदवतानाच पोटाचं विचारतात. ‘सर, किती दिवसांत निघतील?’ आमच्या पिढीच्या डोक्यात हे वेड २००७ साली ‘ओम शांती ओम’नं घातलं, पुढच्या वर्षी ‘गजनी’नं ते पक्कं केलं. आताच्या पोरांच्या तर हातातल्या मोबाइलवर दिवसभर तीच पोटं फिरतात.

मी नगरच्या एमआयडीसीत पाळीत काम करायचो. वजनकाट्यावर सगळं व्यवस्थित, पण हातपाय बारीक आणि पँटच्या पट्ट्यावर पोट आलेलं. आपल्याकडे घरटी असा एक तरी माणूस सापडतो. जिममधल्या प्रशिक्षकानं छापील डाएट हातात दिलं: उकडलेलं चिकन, काकडी, काळी कॉफी. भाकरी बंद, दूध बंद, भात बंद. सकाळी पळायचं, संध्याकाळी मशीनवर घाम काढायचा. वजन झपाट्यानं उतरलं. पोटावर रेघा उमटायला लागल्या तसे मित्र शर्ट वर करायला सांगू लागले.

त्याच दिवसांत खांदे उतरले. जो बार मी सहज छातीवरून ढकलायचो तो अंगावर यायला लागला. ऐन मे महिन्यात रात्रपाळीला बोटं गार पडायची. झोप मध्यरात्री मोडायची आणि डोळ्यांसमोर हुलग्याचे शेंगोळे यायचे. मशीनसमोर उभं राहूनही मी जेवणाचाच विचार करत असायचो. घरात शब्दानं शब्द वाढायचा. बायकोजवळ जायची इच्छाही उरली नव्हती, आणि हे तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. पुढं जिल्हा पातळीवरच्या एका शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी मीठ तोडायला आणि पाणी घोटाघोटावर आणायला सांगितलं गेलं. स्टेजमागे दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, उलटी झाली, उभं राहता येईना. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बिघडलंय, यात हृदयाचा ठोकासुद्धा चुकतो. त्यानंतर जेवायला लागलो आणि काही महिन्यांत वजन परत आलं. आलं ते बहुतेक पोटावरच. खांदे मात्र भरले नाहीत.

असं का होतं, हे जगाला फार आधीपासून माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना रोज साधारण १५७० कॅलरी मिळत. म्हणजे आपल्या जिममधली पोरं चरबी उतरवायला, ‘कटिंग’ म्हणून, खातात त्याच्या आसपासच. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. त्यांना थंडी सोसेना, लैंगिक इच्छा मावळली, चिडचिड वाढली. काहीजण तासन् तास पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुन्हा पोटभर मिळायला लागलं तेव्हा आधी चरबी भरली, स्नायू मागं राहिले. हे वाचलं तेव्हा ती माझीच हकीकत वाटली.

पण माझे डोळे खरे उघडले ते पुण्याच्या एका संशोधनानं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. वरून पाहिलं तर दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस अनेकदा आतून चरबीदार असतो, स्नायू कमी असतात आणि चरबी पोटाभोवती साठते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की जास्त वजन धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या पुढं गेली की मधुमेहाचा धोका मानतात.

आता हाच हिशोब पॅकला लावून पाहा. पोटाचा स्नायू सगळ्यांना असतोच. त्याच्यावरचे आडवे दोर किती आणि कुठं, हे जन्मतः ठरलेलं असतं. कुणाला सहा चौकोन दिसतात, कुणाला चारच, ते व्यायामानं बदलत नाही. ते दिसायला पुरुषाची चरबी साधारण १० ते १२ टक्क्यांवर यावी लागते. समजा, पाच फूट सात इंचाचं ६५ किलोचं पोरगं आहे आणि अंगात चरबी २१ टक्के, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. एक ग्रॅमही मांस न गमावता ते ११ टक्क्यांवर आलं तर वजन ५८ वर येतं. उपाशी राहून सोबत चार किलो मांस गेलं, आणि जातंच, तर ५३ वर. त्या उंचीला ५३ किलो म्हणजे कुपोषणाची रेघ. उलट त्यानं आधी अंगावर पाच किलो मांस चढवलं आणि मग चरबी उतरवली, तर तो ६३ किलोवर त्याच टक्क्याला पोहोचतो. खांदे भरलेले, मांड्यांत जोर, आणि पोटही दिसतं. मला कुणी हे गणित वहीवर मांडून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून आता माझ्याकडं व्यायामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच मांडून दाखवतो.

पाच किलो मांस चढायला नवख्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्याला घाई चालत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस वजनं उचला: स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच, खांद्यावरचा प्रेस, बार ओढणं, पुल-अप. दर आठवड्याला वजन किंवा रेप थोडी वाढली पाहिजे, आणि ती वहीत लिहिली पाहिजे. तालमीत जोर-बैठका मारलेल्या पोरांचा पाया चांगला असतो, त्यांनी ते सोडू नये. पोटाला आठवड्यातून दोनदा व्यायाम पुरतो. लटकून पाय उचलणं, प्लँक, वजन घेऊन क्रंच. रोज पाचशे क्रंच मारून पोटावरची चरबी जळत नाही. चरबी सगळ्या अंगातून उतरते आणि आपल्याकडच्या पुरुषांची पोटावरून सगळ्यात शेवटी उतरते.

खाण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळी फसगत तिथंच होते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दीड ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. सत्तर किलोच्या माणसाला ११० ग्रॅमच्या आसपास. ती नगरच्या स्वयंपाकघरात आहेत. चार अंड्यांत २४, अर्ध्या लिटर दुधात १६, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत २६, वाटीभर घट्ट मटकीच्या उसळीत ९, तीन ज्वारीच्या भाकरींत १७-१८, वाटीभर दह्यात ५. इथंच शंभरी गाठत आली. वर थोडं चिकन किंवा पनीर घ्या. माळकरी घरातल्या पोरांनी अंड्यांच्या जागी शंभर ग्रॅम पनीर आणि हुलगा वाढवावा. हुलग्यात शंभराला २२ ग्रॅम प्रथिनं आहेत आणि पारनेर, कर्जत, जामखेडच्या कोरडवाहू रानात तो पिढ्यान् पिढ्या पिकतो. भाकरी सोडू नका. वजन उचलायला लागणारी ताकद तीच देते.

शेंगदाण्यांचं मात्र नीट ऐका. पोरं ‘प्रोटीन’ म्हणून भिजवलेले शेंगदाणे मूठमूठ खातात. शेंगदाण्यात निम्मं तेल असतं. तीस ग्रॅममध्ये १७० कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम आठ ग्रॅम. त्यात आपल्याकडं आमटीत कूट, भाजीत कूट, चटणीत कूट. एकदा मी सोन्याचांदीच्या दुकानात असतो तसा छोटा काटा घरी आणला आणि आईच्या शेजारी बसून भाजीत पडणारी प्रत्येक गोष्ट तोलली. आईची तेलाची पळी तेरा-चौदा ग्रॅमची निघाली, म्हणजे १२० कॅलरी, आणि फोडणीला अशा तीन पळ्या पडत होत्या. कूट वेगळं. आईला वाईट वाटलं. मी म्हटलं, आई, तुझ्या हाताची चव तीच राहू दे, पळी लहान घेऊ. तिनं चहाचा चमचा घेतला. भाजी तशीच लागली. चहाचंही तसंच. हा साखर कारखान्यांचा जिल्हा, पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणं इथं कमीपणाचं वाटतं. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दिवसाला दोनशे कॅलरी. उपाशी न राहता एवढ्यावरच चरबी उतरवायला लागणारी कॅलरींची निम्मी तूट साधली.

चरबी उतरवायची वेळ आली की रोज तीनशे ते पाचशे कॅलरींची तूट ठेवा, त्याहून जास्त नको. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला पाव ते जेमतेम अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. बेंबीपाशी टेप लावून सकाळी कंबर मोजा. कंबर उतरतेय आणि उचलायचं वजन टिकतंय, तर सगळं ठीक चाललंय. उचलायचं वजन घसरायला लागलं की जेवण वाढवा. सात-आठ तास झोप हवी. पाळीत काम करणाऱ्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यात तूट धरूच नये, पोटभर जेवावं. दिसलेले पॅक वर्षभर टिकवायचा हट्टही नको. दिवाळीला पुसट झाले तर होऊ द्यावेत.

हातपाय गार पडणं, झोप मोडणं, सतत जेवणाचे विचार, इच्छा मावळणं ही शरीरानं थांब म्हणण्याची खूण आहे. मुलींसाठी खूण आणखी स्पष्ट असते: पाळी चुकते. बाईच्या अंगाला जगण्यापुरतीच दहा-बारा टक्के चरबी लागते, पुरुषाला तीन ते पाच. त्यामुळं पुरुषासारखे पॅक काढायला गेलेल्या मुलीची पाळी थांबू शकते आणि पाठोपाठ हाडं ठिसूळ होऊ शकतात. तीन महिने पाळी आली नाही तर जिम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडं जा. यात लाजायचं काही नाही.

प्रोटीन पावडरीच्या डब्याची मला भीती वाटत नाही. बिल घ्या, डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहा, आणि पैसे नसतील तर तो डबा नाही घेतला तरी चालतं. भीती वाटते ती इंजेक्शनची. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. तेच जिममध्ये आणि भरतीच्या मैदानावर दम वाढवायला टोचलं जातं. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनानं त्याचे साठे पकडलेत. रक्तदाब एकदम चढतो, ठोके बिघडतात, सवय लागते, भास व्हायला लागतात. चरबी जाळायची म्हणून विकली जाणारी डीएनपी नावाची गोळी तर १९३८ सालीच अमेरिकेत बंद झाली. तिनं शरीर आतून तापत जातं आणि त्यावर उतारा नाही. स्टेरॉइडनं शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं थांबवतं, आणि काहींचं ते नंतर नीट सुरूही होत नाही.

आणि ताकद पोटावरच्या चौकोनांत नसते, हेही लक्षात घ्या. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली. पृथ्वीराज मोहोळ केसरी झाले. केसरी गटात ८६ ते १२५ किलोचे मल्ल उतरतात; ज्यांनी त्या कुस्त्या पाहिल्या त्यांना ठाऊक आहे, समोरच्याला उचलून टाकणाऱ्या कितीतरी पैलवानांच्या पोटावर एकही चौकोन नव्हता.

आमच्याकडची निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे शेवटचं. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते: मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. पॅकला शून्य. पोरगं जेवत नसेल, चिडत असेल, त्याच्या बॅगेत सिरिंज सापडली असेल, तर आईवडिलांनो, रागावू नका. त्याला समोर बसवून ताटात भाकरी वाढा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं घेऊन जा.