कांद्याची पात पांढरी पडण्याआधी

जानेवारी सरता सरता नाशिक-नगर पट्ट्यात दुपारची उन्हं तापू लागतात आणि लावणीला महिना झालेला रब्बी कांदा अंग धरत असतो. फुलकिड्यांना असंच कोरडं, उबदार हवामान मानवतं. पुढे पात चंदेरी-पांढरी दिसली की पंप पाठीवर चढतो. पण तोवर किडीची निदान एक पिढी उरकलेली असते. उष्ण दिवसांत अंड्यापासून पूर्ण कीड व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात.

म्हणून बांधावरून अंदाज बांधू नका. वाफ्यात उकिडवं बसा आणि नवी पात जिथून फुटते, तिथली पानं दोन बोटांनी अलगद फाकवा. मिलिमीटरभरही न भरणारी फिकट पिवळी पिल्लं बेचक्यात दाटीने बसलेली दिसतील. पात खरवडून ती रस शोषतात. शेतात ठिकठिकाणची वीसेक रोपं अशी तपासा, बांधालगतची मुद्दाम तपासा. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने फवारणीसाठी रोपामागे ३० फुलकिडे ही पातळी सांगितली आहे. चार-दोन किडे दिसताच फवारलं, तर पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि औषधाला दाद न देणारी कीडच मागे उरते.

‘औषध लागूच पडत नाही’ ही तक्रार दर हंगामात कानावर येते. औषध दरवेळी खोटं नसतं. अंडी पातीच्या आत आणि कोष मातीत असतात, दोन्ही फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर. पातीवर मेणाचा थर असल्याने थेंब ओघळून जातो, म्हणून द्रावणात स्टिकर हवाच. नोझल रोपाच्या मानेकडे धरा आणि उन्हं कलल्यावर फवारा. पुढची फवारणी १०-१५ दिवसांनी, पुन्हा मोजणी करून आणि वेगळ्या गटाच्या औषधाची. इथेच बहुतेकांची फसगत होते: दुकानातून नव्या नावाची बाटली येते, आतला घटक मात्र तोच असतो. घटकाचं नाव वाचा, कांद्यासाठी शिफारस आहे का ते पाहा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारणं थांबवाच.

तुषार सिंचनाने पातीवरचे बरेच किडे धुऊन जातात. मात्र ते सकाळी चालवा. रात्रभर पात ओली राहिली की करपा बळावतो. युरियाचा जादा हात दिलेली लुसलुशीत पात किडीला आवडते.

सगळ्यात स्वस्त उपाय लावणीच्या आधीचा आहे. लावणीपूर्वी महिनाभर शेताच्या कडेने मक्याच्या दोन ओळी टोकल्या, तर बाहेरून येणारे प्रौढ किडे त्या भिंतीला अडतात. मला हा उपाय फवारणीइतकाच मोलाचा वाटतो. या हंगामात वेळ गेली असेल, तर पुढच्या रोपवाटिकेसोबतच मक्याचं बी आणून ठेवा.

फुलकिडे पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीत आणि जरबेऱ्यातही येतात; तिथे निळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीवर लावा. दारं आणि फाटक्या जाळ्या आधी दुरुस्त करा; तण आणि उतरलेली फुलं आत पडू देऊ नका.

कांद्याचं बी धरलं असेल, तर डोंगळ्यांची फुलं उमलण्याआधीच फुलकिड्यांचा बंदोबस्त करा. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तर मधमाश्या मरतात आणि गोंड्यात बी भरत नाही.