आजींचा डोळा लागला तेव्हा

धाटाव, ता. रोहा



रोह्याच्या बाजारातले तुझे फोटो पाहिले. शेवळं-टाकळ्याचे वाटे मांडून बसलेल्या आजींचा फोटो सगळ्यांत सरस, पण तोच पाहून मन खट्टू झालं. आजींचा डोळा लागलाय, तोंड उघडं, पदर ढळलेला. जाग्या असत्या तर आधी पदर सावरला असता ना त्यांनी?

मला हे लागलं त्याला कारण आहे. कारखान्यात रात्रपाळीला मला डुलकी लागली असताना एकाने फोटो काढून सगळ्यांना दाखवला होता. हसलो मीही, पण तो फोटो अजून डोळ्यांसमोर आहे.

तू सारखी जपानचे दाखले देतेस, म्हणून तिथलंच सांगतो. तिथे 1966 पासून वडीलधाऱ्यांच्या सन्मानासाठी राष्ट्रीय सुट्टी आहे. साठी गाठणाऱ्याला लाल अंगरखा घालतात, जशी आपल्याकडे साठीशांत. शंभरी गाठणाऱ्याला सरकार चषक देतं.    त्याच देशात छायाचित्रकार किमुरा इहेई लायका कॅमेरा घेऊन लोकांना नकळत टिपत हिंडायचा, आणि तिथल्याच मोबाइलमध्ये आज फोटोच्या खटक्याचा आवाज सहसा बंद करता येत नाही. चोरून कुणी फोटो काढू नये म्हणून.

आधी विचारलं की चेहरा आखडतो, हे तुझं म्हणणं खरं. मग नंतर विचार. काढ, शेजारी उकिडवी बस, फोटो दाखव. ‘नको गं बाई’ म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसून टाक. भाजीचा वाटा घ्यायचा तर घे, पण फोटोची किंमत म्हणून नको. सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो बघ. घाण लपवलेली नाही, तरी माणूस कुठे लहान झालेला नाही.

तो फोटो इन्स्टाग्रामवरून आजच काढ. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीला येशीलच, तेव्हा बाजारात जाऊ. आजी नेहमीच्या जागीच बसतात. शेवळं संपलेली असतील, काकड्या असतील. पिशवी आण.

तुझा मामा