जखम बांधताना विचारलेला प्रश्न



माझ्या वर्गातला एक मुलगा सलग तीन दिवस गृहपाठ न करता आला. विचारलं तर म्हणाला, "बाई, बाबा गाडीवरून पडले. रात्री दवाखान्यात होतो." सहा महिन्यांत हे दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा टाके पडले, औषधं मिळाली, बाबा घरी आले. पिण्याबद्दल मात्र त्यांना कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून आजचा विषय : अपघात विभागात दारूविषयी करायची विचारपूस.

लंडनचं सेंट मेरीज रुग्णालय आपल्याला पेनिसिलिनच्या शोधामुळे माहीत आहे. तिथल्या अपघात विभागाने एक छोटी प्रश्नावली तयार केली. नाव 'पॅडिंग्टन अल्कोहोल टेस्ट', ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. पडणं, डोक्याला मार, मारामारी, वारंवार दवाखान्यात येणं अशा तक्रारी असल्या की आधी उपचार करायचे आणि मग विचारायचं :

१. तुम्ही दारू पिता का?
२. एका दिवसात जास्तीत जास्त किती पिता?
३. इतकी किती वेळा पिता?
४. आज इथे यावं लागलं, त्याचा दारूशी संबंध आहे असं तुम्हाला वाटतं का?

चौथा प्रश्न नीट वाचा. यात आरोप नाही. उत्तर रुग्णानेच शोधायचं आहे. आपणही वर्गात हेच करतो ना?

पुढची पायरी म्हणजे समुपदेशकाशी छोटी भेट. याच रुग्णालयातला ५९९ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. एका गटाला फक्त माहितीपत्रक दिलं, दुसऱ्याला माहितीपत्रक आणि समुपदेशकाची वेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं पिणं आठवड्याला सरासरी ८३ युनिट होतं, दुसऱ्याचं ६०. (एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.) पुढे असंही दिसलं की भेट जितकी लांबणीवर, तितके येणारे कमी. जखम ताजी असते तेव्हाच माणूस ऐकायला तयार असतो. शिकवण्याचा योग्य क्षण आपल्याला काही नवा नाही!

आपण काय करू शकतो?

• घरच्या कोणाला असा अपघात झाला तर डॉक्टरांना पिण्याबद्दल खरं सांगा, लपवू नका.
• मुलांसमोर त्यांच्या वडिलांना नावं ठेवू नका. मुलाला एवढंच सांगा, "यात तुझी काही चूक नाही."
• रोज खूप पिणाऱ्याला "आजपासून बंद" असं बजावू नका. अचानक सोडल्यास झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायला हवी.
• व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६.

त्या मुलाच्या बाबांना मी पालकसभेचं पत्रक पाठवणार होते. आता पत्रक नको. हाताचे टाके निघायच्या आत स्वतः जाऊन भेटते.