यंत्रयुग आणि माणसाचे प्रयोजन

आपल्या जळोचीपासून जवळच, बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होत आहे. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पिकाला पाणी व खत केव्हा, किती द्यावे याचा सल्ला मिळतो. ऊसतोडणीसाठीही यंत्रे आली आहेत. मग माणसाने करावे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक धोरणाची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली. पशुवत कष्टांतून सुटल्याशिवाय फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी दाखविले.

कोयता खाली ठेवणाऱ्या मजुराला दुसरे काम मिळाले नाही, तर त्याची फुरसत ही बेकारीच ठरते. ज्यांना फुरसत लाभली, त्यांनी ती मोबाइलच्या पडद्यावर घालविली, तर तृष्णाच वाढते. म्हणूनच तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेबरोबर सम्यक स्मृतीही आहे.

पालकहो, माजी विद्यार्थ्यांनो, मुलांना ‘कोणती नोकरी मिळेल?’ याबरोबरच ‘तू कोणाच्या उपयोगी पडशील?’ असेही आपण विचारू या. त्या उत्तरातच सुखाची वाट आहे.