ग्रंथांचा वारसा

गंगा नदीच्या काठी पाटणा शहर आहे. तेथील खुदाबख्श ग्रंथालय जगप्रसिद्ध आहे. ते कसे उभे राहिले, ते आपण पाहू.

खुदाबख्श यांचा जन्म १८४२ साली झाला. त्यांचे वडील मुहम्मद बख्श हे वकील होते. त्यांना हस्तलिखिते जमवण्याचा नाद होता. त्यांनी १४०० हस्तलिखिते गोळा केली होती. १८७६ साली ते वारले. जाण्यापूर्वी त्यांनी आपला संग्रह मुलाच्या हाती सोपवला. तो वाढवावा आणि सर्वांसाठी खुला करावा, ही त्यांची शेवटची इच्छा होती.

खुदाबख्शही वकील होते. आपली कमाई ते ग्रंथांवर खर्च करू लागले. पण नुसत्या पैशाने काम होत नाही. जुनी हस्तलिखिते दूरदूरच्या घरांत पडून असत. ती शोधणार कोण? त्यासाठी त्यांनी मुहम्मद मक्की नावाच्या अरब जाणकाराला नोकरीस ठेवले. पगार दरमहा ५० रुपये, शिवाय कमिशन! मक्की यांनी कैरो, दमास्कस, बैरूत अशा शहरांत फिरून १८ वर्षे हस्तलिखिते शोधली. हस्तलिखिते घेऊन पाटण्याला येणाऱ्यांना खुदाबख्श रेल्वेचे दुप्पट भाडे देत. त्यामुळे विकणारे आपण होऊन त्यांच्याकडे येत.

१८९१ साली ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. तेव्हा तेथे सुमारे ४००० हस्तलिखिते होती. ब्रिटिश म्युझियमने या संग्रहासाठी मोठी रक्कम देऊ केली होती, असे सांगतात. खुदाबख्श यांनी ती नाकारली. वडिलांना दिलेला शब्द त्यांना पैशापेक्षा मोलाचा वाटला.

१९०८ साली ते वारले. त्यांची कबर ग्रंथालयाच्या आवारातच आहे. १९६९ साली संसदेने कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. अकबराच्या काळातील तिमूर घराण्याचा सचित्र इतिहास येथेच जपून ठेवला आहे.

वडिलांनी ग्रंथ मुलाला दिले. मुलाने ते सर्वांना दिले. म्हणूनच ते आजही वाचले जातात.

शब्दार्थ
हस्तलिखित – हाताने लिहिलेला ग्रंथ
नाद – छंद, फार आवड
जाणकार – चांगली माहिती असलेला
आवार – इमारतीभोवतीची जागा

स्वाध्याय
१. मुहम्मद बख्श यांची शेवटची इच्छा कोणती होती?
२. हस्तलिखिते मिळवण्यासाठी खुदाबख्श यांनी कोणते दोन उपाय केले?
३. तुमच्या घरी एखादे जुने पुस्तक आहे का? त्याविषयी पाच वाक्ये लिहा.