काम घेताना रेघ ओळख

मनू, नोकरी सोडून घरोघरच्या दुरुस्त्या स्वतःच्या नावावर घ्यायचं ठरवलंस, मला फार आनंद झाला. तुझ्या हातातल्या कसबाची मला काळजी नाही. काळजी आहे ती कागदांची. एकटीनं काम करणारीच्या मागे ना कंपनी असते, ना साहेब. काही बिघडलं की पहिलं बोट तिच्याकडेच वळतं.

आपल्याकडे ‘किरकोळ दुरुस्ती’ असा एकच परवाना मिळत नाही. नियम कामागणिक बदलतो. पडद्याचे रॉड, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, भिंतीवरचे शेल्फ, गळक्या नळाचा वायसर ही कामं बिनधास्त घे.

विजेपाशी मात्र थांबून विचार कर. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी रेघ आखून दिली आहे. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला हरकत नाही. फक्त मूळ फिटिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जुना पंखा उतरवून तिथेच नवा लावणं यात बसतं. गिझरसाठी नवा पॉइंट काढणं किंवा एसीसाठी वेगळी लाइन ओढणं बसत नाही. त्याला परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख लागते आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना लागतो.

आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे हा परवाना नव्हे, हे पक्कं लक्षात ठेव. तो राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडे अर्ज करून वेगळा काढावा लागतो. आणि तो हातात आला तरी वायरिंगचं काम एकटीनं अंगावर घेता येत नाही. वर ठेकेदार हवाच. म्हणून तुझ्या भागातल्या एखाद्या चोख ठेकेदाराशी आत्ताच ओळख करून ठेव. ‘काम तू उरक, टेस्ट रिपोर्टवर सही मी देतो,’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ती सही म्हणजे कुणीतरी अर्थिंग खरंच तपासल्याची हमी असते. न तपासलेल्या गिझरखाली उद्या एखादं लेकरू आंघोळीला उभं राहील, गं. तो भार तुला पेलणार नाही.

नळकामातही असंच. घरातली गळती तू काढ. पण पालिकेच्या जलवाहिनीवरून नवी जोडणी घ्यायची, तर मुंबई-पुण्यात पालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. विजेच्या मीटरचं सील आणि गॅसची पाइपलाइन यांना तर कुणी कितीही गळ घातली तरी हात लावू नकोस.

धंद्याचे कागद त्या मानानं सोपे आहेत. तू एकटी काम करतेस तोवर राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. बँकेत चालू खातं उघडताना ती कामी येते. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट होते; एजंटला एक रुपया देऊ नकोस. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सहसा गरज पडत नाही. छोट्या कामाचंही बिल दे, आणि नेमकं काय बदललंस ते त्यावर लिही. पुढे कुणी दुसऱ्यानं केलेली चूक तुझ्या माथी मारू पाहिली, तर तोच कागद तुझी बाजू सांगेल.

बाई दारात दिसली की काही जण विचारतील, ‘सोबत कोण येणार?’ रागावू नकोस. परवाना दाखव आणि कामाला लाग. आणि रेघेपलीकडचं काम आलं तर स्पष्ट सांग, ‘काकू, हे परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे, मी नंबर देते.’ त्या दिवशीची कमाई जाईल, पण पुढच्या वेळी काकू आधी तुलाच फोन करतील.

म्हणून जाहिरातीचे कागद छापण्याआधी वायरमनच्या परवान्याचा अर्ज भर. अडलीस तर रविवारी कागदपत्रं घेऊन ये, दोघी मिळून भरू.